एकाच रेघेचा बारा महिने पाठपुरावा : उपदंशाने गेलेली नजर परतताना

तळपायांना कूलंट कुठून लागणार? हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. तो पडला तिसऱ्या दिवशी. या प्रकरणातली पुढची सगळी चित्रं आणि सगळी मोजमापं त्या प्रश्नानंतरची आहेत, म्हणून सुरुवात तिथून.

रुग्ण ४१ वर्षांचे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनवर काम करणारे. ओळख पटू नये म्हणून घरचे आणि कामाचे काही तपशील बदलले आहेत. सोबत पत्नी होत्या. डाव्या डोळ्याची तक्रार पंधरा दिवसांची, उजव्याची तीन दिवसांची. "मॅडम, समोरच्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही," ते म्हणाले. कामावर मायक्रोमीटर वाचताना रेघा मधूनच पुसल्या जात होत्या. आधी दुसरीकडे दाखवून झालं होतं. 'पडद्याला सूज' म्हणून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या, रोज ४० मिलिग्रॅम, आठ दिवस चालू होत्या. रक्ताची एकही तपासणी झालेली नव्हती. गोळ्या सुरू झाल्यावर नजर सुधारायची सोडून आणखी उतरली आणि दुसरा डोळाही बिघडू लागला. केसपेपरवर हे लिहिताना मी त्याखाली रेघ मारली होती. स्टेरॉइड चालू असताना वाढत जाणाऱ्या सुजेमागे जंतू तर नाही ना, हे आधी बघायचं असतं. मी रेघ मारली आणि पुढे गेले.

डाव्या डोळ्याची नजर ६/६०, उजव्याची ६/१२. निरोगी नजर ६/६, खालचा आकडा मोठा तितकी नजर कमी. बाहुली मोठी करायचे थेंब घालून आत पाहिलं. डाव्या डोळ्यातल्या जेलीत थोड्या पेशी तरंगत होत्या आणि मॅक्युलावर, म्हणजे पडद्याच्या ज्या मधल्या भागाने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो तिथे, पिवळसर करड्या रंगाचा एक सपाट, गोल, बशी उपडी ठेवावी तसा चट्टा होता. उजव्या डोळ्यातही तसाच, पण लहान आणि मध्याच्या जरा बाहेर.

त्या दिवशी चार तऱ्हेची चित्रं काढली. चारही वेगवेगळं बोलतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पहिलं ऑटोफ्लुओरेसन्स. यात कुठलाही रंग टोचावा लागत नाही. पडद्याच्या मागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एक थर असतो, त्यांच्यात साठलेला लायपोफ्युसिन नावाचा पदार्थ निळ्या प्रकाशात स्वतः उजळतो. एरवी पुढच्या प्रकाशपेशींमधलं रंगद्रव्य त्या उजेडावर पांघरुणासारखं असतं. पेशींची टोकं झडली की पांघरूण निघतं आणि मागचा उजेड उघडा पडतो. यांच्या डाव्या डोळ्यात डॉक्टरी दिव्याखाली जेमतेम दिसणारा चट्टा या चित्रात लख्ख पांढरा उजळला होता. त्याची कड पेन्सिलने काढावी इतकी स्पष्ट होती.

दुसरं, हातात फ्लुओरेसीन हा रंग टोचून काढलेली अँजिओग्राफी. सुरुवातीच्या सेकंदांत चट्टा काळा, शेवटच्या मिनिटांत रंग पिऊन उजळ, आणि त्या उजेडात बिबट्याच्या अंगावर असतात तसे काळे ठिपके. तिसरं ओसीटी अँजिओग्राफी. त्यात काहीच टोचत नाहीत. तीच जागा पुन्हा पुन्हा स्कॅन करून रक्तपेशी जिथे हलल्या ती जागा यंत्र वाहती म्हणून दाखवतं. पडद्यामागच्या केशवाहिन्यांच्या जाळीत चट्ट्याखाली काळोखाची बेटं दिसली. तिथे रक्त वाहत नव्हतं, किंवा यंत्राला जाणवेल इतकं वाहत नव्हतं.

चौथं ओसीटी, या प्रकरणाचा कणा. हे तंत्र १९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या गटाने मांडलं. अवरक्ताजवळचा प्रकाश डोळ्यात सोडायचा, वेगवेगळ्या थरांवरून तो कसा परततो ते मोजायचं, आणि पडद्याचा उभा छेद डोळ्याला हात न लावता काढायचा. खोलीच्या दिशेने ५ ते ७ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा, फरक यात कळतो. निरोगी माणसाच्या ओसीटीत पडद्याच्या तळाशी एकावर एक उजळ रेघा दिसतात. त्यातली एक प्रकाशपेशींच्या आतल्या मायटोकाँड्रियांच्या दाटीमुळे उमटते असं मानतात. तिला एलिप्सॉइड झोन म्हणतात. आम्ही आपसात नुसतं 'ईझेड' म्हणतो. ही रेघ सलग असेल तर प्रकाशपेशी बऱ्या अवस्थेत आहेत असं धरायचं. यांच्या डाव्या डोळ्यात ती रेघ चट्ट्याच्या पूर्ण रुंदीत गायब होती. तिच्याखालची रंगद्रव्याच्या पेशींची रेघ गुळगुळीत असायच्या ऐवजी खडबडीत, बारीक उंचवट्यांची, डांबर उखडलेल्या रस्त्यासारखी दिसत होती. त्याखालच्या कोरॉइडमध्ये, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात, टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके होते.

एक गोष्ट मात्र जागच्या जागी होती. प्रकाशपेशींची केंद्रकं ज्या थरात असतात तो बाह्य केंद्रक थर पातळ झालेला नव्हता. प्रकाशपेशी आपली बाहेरची टोकं रोज थोडी झडवते आणि रोज नवी घडवते. माणसात आणि माकडात पूर्ण टोक बदलायला साधारण दहा दिवस लागतात. केंद्रक शाबूत असेल तर झडलेलं टोक पुन्हा येऊ शकतं. केंद्रक गेलं तर काहीच येत नाही. 'नजर परत येईल का?' या पत्नीच्या प्रश्नाला मी त्या दिवशी 'येऊ शकते' म्हणाले, ते या एका थराच्या जाडीवर विसंबून.

कारण मात्र मी चुकीच्या दिशेला शोधत होते. आपल्याकडे अशी पडद्यामागची सूज दिसली की पहिला विचार क्षयाचा येतो, आणि तो येणं बरोबरही आहे. मी मँटू ही क्षयाची त्वचेवरची चाचणी, छातीचा एक्स-रे, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या लिहिल्या. उपदंशाची, म्हणजे सिफिलिस या लैंगिक संसर्गाची, रक्ततपासणी व्हीडीआरएल लिहिली नाही. पत्नी शेजारी उभ्या होत्या, त्या कागदावर डोळा ठेवून होत्या, आणि मला संकोच वाटला. हे इथे लिहिणं भाग आहे, कारण डोळ्यातला उपदंश उशिरा सापडतो तो बऱ्याचदा अशा संकोचामुळे. गरोदरपणात प्रत्येक बाईची व्हीडीआरएल होते, तेव्हा कुणी तिच्या चारित्र्याबद्दल बोलत नाही. डोळ्याच्या आत सूज असलेल्या प्रत्येकाची ती व्हावी, यातही तसं काही मानायचं कारण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मँटूची गाठ मोजायला त्यांनी हात पुढे केला. गाठ १६ मिलिमीटर. क्षयाचं औषध, ज्याला सगळे एकेटी म्हणतात, सुरू करायला एवढं पुष्कळांना पुरतं. पण मोजपट्टी धरताना मला त्यांचा तळहात दिसला. तांबूस, तपकिरी, विरत चाललेले गोल डाग. "हे काय?" "कूलंटची ॲलर्जी. मशीनवरच्या निम्म्या पोरांना असते, मॅडम." कूलंट म्हणजे धातू कापताना मशीनवर सोडतात तो गार ठेवणारा द्रव. खरं आहे, असते. मी त्यांना बूट-मोजे काढायला सांगितले. तळपायांवरही तेच डाग.

पत्नींना बाहेर बसायची विनंती केली. दार लावल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी मशीन बसवायला दुसऱ्या राज्यात दीड महिना होते. तिथून आल्यावर एक जखम झाली होती, दुखली नाही, आपोआप बरी झाली, म्हणून कुणाला दाखवली नाही. पुढे अंगावर पुरळ आलं, थोडा ताप आला, केस गळाले. तेही गेलं. "गरमी का?" त्यांनीच विचारलं. त्यांच्या आजोबांच्या पिढीचा शब्द. मी हो म्हणाले.

या आजाराचं आपल्याकडचं नावसुद्धा त्याची वाट सांगतं. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात त्याला फिरंग रोग म्हटलंय, फिरंग्यांबरोबर आलेला रोग. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये. उपाय म्हणून तेव्हा पारा आणि चोपचिनी देत. ट्रेपोनेमा पॅलिडम हा मळसूत्रासारखा जंतू दिसला १९०५ मध्ये, बर्लिनमध्ये, शाउडिन आणि हॉफमान यांना. पेनिसिलिनने तो बरा होतो हे अमेरिकेत जॉन महोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये दाखवलं. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत आम्ही डॉक्टरच त्याची चिन्हं ओळखायला विसरत गेलो. यांच्या डोळ्यात होता तसा चट्टा अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ डोनाल्ड गॅस आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये रीतसर वर्णन करून ठेवला आहे. त्याचं लांबलचक नाव ॲक्यूट सिफिलिटिक पोस्टीरियर प्लॅकॉइड कोरिओरेटिनायटिस. 'प्लॅकॉइड' म्हणजे चकतीसारखा. हे वर्णन मी शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं.

व्हीडीआरएल १:१२८ ला रिॲक्टिव्ह आली, म्हणजे नमुना १२८ पट पातळ केला तरी ती उमटत होती. उपदंशाचीच दुसरी तपासणी, टीपीएचए, पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह, ती तीन महिन्यांनी पुन्हा करायची ठरली. छातीचा एक्स-रे स्वच्छ. मँटू क्षयाच्या जुन्या संसर्गाची खूण म्हणून फाइलीत राहिली, एकेटी दिली नाही.

डोळ्यातल्या उपदंशाला मेंदूतल्या उपदंशासारखीच औषधयोजना लागते. कमरेतलं एक इंजेक्शन देऊन घरी पाठवून चालत नाही. त्यांना दाखल केलं. क्रिस्टलाइन पेनिसिलिन, ४० लाख युनिट, दर चार तासांनी शिरेतून, चौदा दिवस. डोकेदुखी, तोल जाणं, ऐकू कमी येणं, चेहरा वाकडा होणं यातलं काही नव्हतं. अशा रुग्णात पाठीच्या कण्यातलं पाणी काढून बघणं अनिवार्य नसतं, म्हणून फिजिशियनशी बोलून ते टाळलं. आधीच्या स्टेरॉइडच्या गोळ्या पेनिसिलिनच्या संरक्षणाखाली आठवड्याभरात उतरवत बंद केल्या.

पहिल्या रात्री सात तासांनी हुडहुडी भरून १०२ ताप आला. जंतू एकदम मोठ्या संख्येने मरतात तेव्हा असं होतं, याला यारिश-हेर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. मी संध्याकाळीच नर्सना आणि त्यांनाही सांगून ठेवलं होतं. सांगितलं नसतं तर 'पेनिसिलिन मानवलं नाही' असं म्हणून रात्रीच सलाईन बंद झालं असतं, याची मला खात्री आहे. पॅरासिटामॉल दिलं, सकाळी ताप नव्हता.

पाचवा दिवस या प्रकरणातला सर्वांत अवघड. नजर तपासली, डावा डोळा अजून ६/६०. वीस-बावीस बाटल्या शरीरात गेलेल्या आणि तक्त्यावर एक अक्षर पुढे नाही. त्यांचे थोरले भाऊ आले होते, ते पेशंटला मोठ्या शहरात हलवायचं म्हणत होते. माझ्याही मनात आलं, सूज अजून आहे, स्टेरॉइड वाढवावं का? डोळ्यातच एक इंजेक्शन द्यावं का? डोळ्यात ट्रायम्सिनोलोन हे स्टेरॉइड दिल्यावर हाच चकतीसारखा चट्टा उद्भवल्याचं वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेलं आहे, हे मला ठाऊक होतं, तरीही मोह होतो. समोर माणूस बसलेला असतो आणि आपण काहीतरी करावं असं सगळ्यांना वाटत असतं.

मी ओसीटी काढलं. कोरॉइडमधले पांढरे ठिपके निम्म्याहून कमी झाले होते. रंगद्रव्याच्या पेशींचे उंचवटे बसत चालले होते. ईझेड मध्यभागी अजूनही नव्हती, पण चट्ट्याच्या कडेला, जिथे पाच दिवसांपूर्वी काहीच नव्हतं, तिथे दोन-तीन फिकट तुटक टाके दिसत होते, शिवण सुरू करताना घालतात तसे. केंद्रकांच्या थराची जाडी टिकून होती. डोळ्याला अजून कळलं नव्हतं, पडदा मात्र वळला होता. मी काहीही वाढवलं नाही.

भावांना आणि रुग्णाला पहिल्या दिवसाचा आणि आजचा, दोन्ही छेद यंत्राच्या पडद्यावर शेजारी शेजारी दाखवले. रुग्ण अर्धा मिनिट वाकून बघत राहिले, उजव्या डोळ्याने. मग विचारलं, "मॅडम, झिरो तोच धरलाय ना?"

एवढा नेमका प्रश्न मला निवासी डॉक्टरांकडूनही क्वचित आला आहे. लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, पुन्हा बांधला आणि झिरो, म्हणजे मोजायची सुरुवात, हलला तर मोजमापाला काही अर्थ राहत नाही, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. ओसीटीचंही तेच. आजचा छेद परवाच्या छेदापेक्षा पाव मिलिमीटर वर घेतला गेला तर चट्ट्याची वेगळीच जागा दिसते आणि 'सुधारणा' नुसती कागदावर होते. म्हणून यंत्राला पहिल्या दिवसाचा छेद आधार म्हणून द्यायचा. ते पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या फांद्या ओळखतं आणि तीच रेघ शोधून पुन्हा तिथेच स्कॅन घेतं. डोळा हलला तर थांबतं. शिवाय पहिल्या दिवशी जेलीत पेशी होत्या, त्या धुक्यात चित्र मुळातच मंद येतं आणि निरोगी रेघसुद्धा तुटल्यासारखी दिसू शकते. म्हणून प्रत्येक चित्राची सिग्नलची गुणवत्ता लिहून ठेवली होती, आणि चट्ट्याबाहेरच्या चांगल्या भागातली ईझेड त्याच चित्रात किती उजळ आहे ते बघूनच आतल्या रेघेबद्दल बोलायचं, असा नियम ठेवला. ओसीटी अँजिओग्राफीत तर हे अधिकच जपावं लागतं. वरच्या थराची सावली पडली तरी खाली काळं बेट दिसतं आणि ते रक्त थांबल्याचं बेट समजलं जातं.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. भावांनी बदलीचा विषय पुन्हा काढला नाही.

चौदाव्या दिवशी डावा डोळा ६/२४, उजवा ६/६. घरी गेले. सहाव्या आठवड्यात डावा ६/९. ऑटोफ्लुओरेसन्समधला लख्ख गोळा विरघळत जाऊन विटक्या चांदण्यासारखा झाला होता, केशवाहिन्यांच्या जाळीतली काळी बेटं बहुतेक भरून आली होती. ईझेड मात्र अजून मधे मधे तुटलेली. तक्ता वाचायला पडद्यावरची सगळी जागा चांगली असावी लागत नाही. मध्याजवळ काही चांगले पुंजके असले तर माणूस तेवढ्यावर अक्षरं ओळखून काढतो. पाचव्या दिवशी चित्र नजरेच्या पुढे होतं, सहाव्या आठवड्यात नजर चित्राच्या पुढे गेली. यातलं फक्त एकच बघितलं असतं तर दोन्ही वेळा मी चुकले असते.

आता पत्नीबद्दल. त्यांना कोण सांगणार हा प्रश्न दाखल असतानाच उभा राहिला होता. मी रुग्णाच्या परवानगीशिवाय सांगणार नव्हते, आणि न सांगता सोडणारही नव्हते. सरकारी रुग्णालयातल्या लैंगिक आजारांच्या सुरक्षा क्लिनिकमधल्या समुपदेशक ताईंनी रुग्णाशी दोनदा बोलून घेतलं. नवव्या दिवशी त्यांनी स्वतः पत्नीला सांगितलं. त्या खोलीत आम्ही कुणी नव्हतो. दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "माझी तपासणी कधी करायची?" त्यांची व्हीडीआरएल १:३२ ला रिॲक्टिव्ह होती. काहीच लक्षण नव्हतं. धाकट्या मुलाच्या वेळची, नऊ वर्षांपूर्वीची, निगेटिव्ह होती, तो रिपोर्ट त्यांनी जपून ठेवलेला होता, त्यामुळे मुलांची काळजी उरली नाही. संसर्ग नेमका कधीचा हे नक्की सांगता येत नव्हतं, म्हणून बेन्झाथीन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. डोळे तपासले, ओसीटी काढलं. दोन्ही डोळ्यांत ती रेघ टोकापासून टोकापर्यंत सलग होती.

तिसऱ्या महिन्यात डाव्या डोळ्याने रुग्णाने ६/६ ची ओळ वाचली. दुसरी एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह. व्हीडीआरएल १:३२ वर उतरली होती. दोन पायऱ्यांची, म्हणजे चौपट, घट झाली की उपचार लागू पडला असं धरतात. कागदावर हे प्रकरण इथे बरं झालं. पण ते उठले नाहीत. "मॅडम, वाचतोय सगळं. पण एक मिलिमीटर हरवतोय."

खिशातून त्यांनी स्टीलची सहा इंची पट्टी काढली. उजवा डोळा झाकून, वाचायच्या अंतरावर धरून, पाचच्या आकड्याकडे बघितलं की त्याच्या उजवीकडची एक रेघ नाहीशी होते. डोळा हलवला की नाहीशी होणारी रेघही पुढे सरकते. वाचताना प्रत्येक पुढचं अक्षर पळभर उशिरा येतं.

मी ओसीटी पुन्हा उघडलं. मध्यबिंदूला लागून, कानाच्या बाजूला, ईझेडमध्ये साधारण ६० मायक्रॉनची फट होती. मी ती बघितली होती आणि '६/६, किरकोळ खंड' असं लिहून पुढे जाणार होते. पडद्यावर साधारण २९० मायक्रॉन म्हणजे नजरेतला एक अंश. ६० मायक्रॉन म्हणजे अंशाचा पाचवा भाग. ३३ सेंटिमीटरवर धरलेल्या पट्टीवर तो होतो जेमतेम सव्वा मिलिमीटर. आणि डोळ्यात चित्र उलटं पडतं, त्यामुळे डाव्या डोळ्यात कानाकडच्या बाजूला फट असेल तर माणसाला उजवीकडचं हरवतं. त्यांची पट्टी आणि माझं यंत्र एकच सांगत होते. त्यांचं मोजमाप आधी झालं होतं.

तेव्हापासून तक्त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचलेल्या रुग्णाला मी 'आता काही तक्रार नाही ना?' असं विचारत नाही. 'काय अजून हरवतंय?' असं विचारते.

त्या फटीत पेशी मेल्या होत्या की नुसत्या टोकांशिवाय उभ्या होत्या, हे ओसीटी सांगू शकत नव्हतं. त्यासाठी एकेक शंकुपेशी, म्हणजे रंग आणि बारकावे टिपणारी प्रकाशपेशी, दिसायला हवी. अशी सोय आहे, अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स. कल्पना खगोलशास्त्रज्ञांची. वातावरणाच्या थरथरीने ताऱ्याची प्रतिमा फिसकटते, ती दर क्षणाला मोजून आरशाचा आकार बदलत सावरायची, असं होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये सुचवलं. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर उभारलेल्या रोबो-एओ प्रकल्पात दुर्बिणीवर हेच तत्त्व वापरलं आहे. डोळ्याच्या बाबतीत थरथरतं वातावरण म्हणजे आपली स्वतःची कॉर्निया आणि भिंग, त्यांचे बारीक वाकडेपणे. १९९७ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात लिआंग, विल्यम्स आणि मिलर यांनी असा आरसा डोळ्यासाठी वापरून जिवंत माणसाच्या शंकुपेशी एकेक दाखवल्या. आपल्या देशात ही यंत्रं फार थोडी आहेत, बहुतेक संशोधनासाठी. सातव्या महिन्यात ते एका केंद्रात जाऊन तपासून आले. उपचाराच्या दृष्टीने त्याची गरज नव्हती, हे मी त्यांना आधीच स्पष्ट सांगितलं होतं. त्यांना बघायचं होतं.

चित्रात शंकुपेशी कणीस सोलल्यावर दिसणाऱ्या दाण्यांसारख्या ओळीने बसलेल्या दिसतात, प्रत्येक दाणा उजळ. अगदी मध्यबिंदूवर त्यांची दाटी एवढी असते, एका चौरस मिलिमीटरमध्ये दोन लाखांच्या आसपास, की पुष्कळ यंत्रांना तिथे दाणे वेगळे काढता येत नाहीत. यांची फट जरा बाजूला होती म्हणून दिसली. दाणे भरलेल्या कणसावर मधेच एक काळी, दातेरी कडेची जागा. कडेला काही दाणे मंद, काही उजळ.

ती काळी जागा बघून ते एकदम गप्प झाले, असं त्यांच्यासोबत गेलेल्या पत्नीने मला फोनवर सांगितलं. म्हणून मी दोघांना पुन्हा बोलावलं. या चित्रात काळं म्हणजे मेलेलं, असं नसतं. शंकुपेशी उजळ दिसते ती तिच्या टोकातून प्रकाश सरळ परत आला तर. टोक आखूड असेल, वाकडं असेल, तर जिवंत पेशीही काळी दिसते. त्याच जागी ओसीटीत केंद्रकांचा थर होता, थोडा पातळ पण होता. मी एवढंच म्हणू शकत होते की काही पेशी बहुधा गेल्या असाव्यात आणि काही अजून परतीच्या वाटेवर असाव्यात. किती, ते थांबल्यावरच कळणार होतं.

मधल्या काळात ते कामावर परत रुजू झाले होते, आधी तपासणी विभागात, मग चौथ्या महिन्यापासून मशीनवर. एक कागद मी त्यांना लॅमिनेट करून दिला आहे. टीपीएचए बहुतेकांत उपचारानंतरही जन्मभर पॉझिटिव्ह राहते. पुढे कधी ऑपरेशनआधी किंवा नोकरीच्या तपासणीत ती सापडेल, कुणीतरी घाबरेल, कुणीतरी पुन्हा पेनिसिलिन सुरू करेल. कागदावर उपचाराच्या तारखा, डोस आणि व्हीडीआरएलचे आकडे ओळीने लिहिलेले आहेत: १:१२८, १:३२, १:१६, १:४. आकडा पुन्हा चौपट चढला तरच नव्याने विचार करायचा, असंही लिहिलं आहे. दुसरा कागद पत्नीकडे आहे. त्यांचा आकडाही १:४ वर आला आहे.

बाराव्या महिन्याची भेट पावसात झाली. डावा डोळा ६/६, उजवा ६/६. ऑटोफ्लुओरेसन्समध्ये जुन्या चट्ट्याच्या जागी मिरपूड सांडल्यासारखे चार बारीक ठिपके. पहिल्या दिवसाचाच छेद आधार धरून ओसीटी घेतलं. फट ६० वरून ३५ मायक्रॉनच्या आसपास आली होती. आडव्या दिशेने ओसीटी खोलीइतकं बारीक नसतं, १५ ते २० मायक्रॉनचा घोळ सहज होतो, म्हणून हा आकडा मी ठोकून सांगत नाही, असं त्यांना म्हणाले. त्यांनी मान हलवली, पट्टी काढली, उजवा डोळा झाकला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

"पाऊण," ते म्हणाले. "कमी उजेडात एक."

मी तेही लिहून घेतलं, उजेडासकट. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची दिली आहे.